अर्जदाराचे मृताशी नाते

माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची उंची पाच फूट नऊ इंच होती. माझी पाच फूट चार. हे मला कुणी सांगितलं नाही. मी त्यांच्या नोकरीच्या कागदावर वाचलं आणि त्या दिवशी दुपारी जेवलो नाही. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. ओळखीची खूण, डाव्या भुवईवर तीळ. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणूक 'उत्तम'. माझ्या दाखल्यावर 'बरी' आहे. एवढी बारीक माहिती मला माझ्या सख्ख्या मेहुण्याबद्दलही नाही.

माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मी त्यांचे कागद काखोटीला मारून एकेक ऑफिस पालथं घालत होतो. कारण सरळ होतं. माझ्या बायकोच्या नावापुढचं त्यांचं आडनाव मला काढायचं होतं आणि तिथे माझं लावायचं होतं.

मी चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर माझं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लग्न केलं एकावन्नाव्या वर्षी. आधी का केलं नाही याला मोठं काही कारण नाही. दुकान बंद ठेवून मुलगी बघायला जायचा कंटाळा, दुसरं काय! ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. साखर तपासायला गेलो तेव्हा मी आधी तिला पाहिलंच नाही, रिपोर्टखालची तिची सही पाहिली. किंचित उजवीकडे झुकलेली, एका दमात केलेली, शेवटच्या अक्षराखाली छोटी रेघ. साखर वाढली होती, तिकडे लक्षच गेलं नाही. पुढच्या तीन महिन्यांत मी पाच वेळा साखर तपासली. पाचव्या वेळी ती म्हणाली, "अहो, तुमची साखर आहे तेवढीच आहे. काही विचारायचं असेल तर विचारून टाका."

मी विचारून टाकलं. लग्न झालं, नोंदणी झाली, मी माझी बॅग घेऊन तिच्या घरी राहायला आलो, कारण माझं बिऱ्हाड म्हणजे दुकानामागची एक खोली. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि मोठी गॅलरी. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव. खालच्या टपालपेटीवर त्यांचं नाव. विजेचं बिल त्यांच्या नावाने. पहिल्याच आठवड्यात एक पार्सलवाला आला आणि मला त्यांच्या नावाने साहेब म्हणून गेला. मी सहीसुद्धा केली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की ज्या सहीवर मी भाळलो होतो त्यातली अर्धी सही या गृहस्थांची होती.

ही लोकांशी बोलताना मला 'हे' म्हणते आणि त्यांना 'ते'. "ह्यांना चहा कमी साखरेचा लागतो. त्यांना बिनसाखरेचाही चालायचा." 'हे' म्हणजे जवळचे आणि 'ते' म्हणजे लांबचे, अशी मी मनाची समजूत घातली. पण ती 'ते' म्हणताना आवाज जरा खाली आणायची, आणि तेवढं माझ्या पोटात दुखायला पुरे होतं.

आडनावाचा विषय मी काढला तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बदला की. माझी हरकत नाही. पण रांगेत मी उभी राहणार नाही हं. हौस तुमची, पायपीटही तुमचीच."

मग सुरू झाली वरात. आधी प्रतिज्ञापत्र, मग गॅझेटमध्ये जाहिरात, मग ओळखपत्र, मग बँक, मग घराचा कागद. पहिलं लग्न करणाऱ्या बाईला फक्त लग्नाचा दाखला पुरतो. हिचं दुसरं, त्यामुळे प्रत्येक खिडकीला आधीचा नवरा खरोखर गेला आहे याचा पुरावा हवा असायचा. म्हणजे त्यांना या घरातून घालवायचं तर आधी त्यांनाच बरोबर घेऊन फिरायचं. मृत्यूच्या दाखल्याच्या आणखी प्रती काढायला मी नोंदणीच्या ऑफिसात गेलो. फॉर्मवर रकाना होता: 'अर्जदाराचे मृताशी नाते'.

मी पेन घेऊन उभा. आपल्या भाषेत साडू आहे, व्याही आहे, मामेसासरा आहे, चुलत आजेसासूसुद्धा आहे. बायकोच्या पहिल्या नवऱ्याला काय म्हणायचं हे कुणी ठरवूनच ठेवलेलं नाही. मी रेघ मारली.

"रेघ चालत नाही," खिडकीतला कारकून म्हणाला. "कोण लागतात तुमचे?"

"कुणी नाही."

"मग दाखला कशाला हवा?"

"माझ्या बायकोचे नवरे होते."

त्याने मान वर करून मला नीट बघून घेतलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. शेवटी हिला लॅबमधून बोलावून तिच्याकडून अर्ज लिहून घ्यावा लागला. त्या रकान्यात काय लिहायचं हे तिला विचारावं लागलं नाही. 'पत्नी' लिहिताना ती क्षणभरही थांबली नाही. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.

बरं, दाखला दाखवून गप्प काम व्हावं, तर तेही नाही. ते वीज मंडळात मीटर वाचायचे. बावीस वर्षं याच भागात. सगळे त्यांना मीटरकाका म्हणायचे. बँकेतली बाई दाखला बघून म्हणाली, "अय्या, मीटरकाका! आमच्या आजीचं टपाल वर आणून द्यायचे हो." नोटरीने शिक्का मारता मारता हात थांबवला. "देवमाणूस. कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत त्यांच्यावर." मी म्हटलं, शिक्का मारा. त्याने शिक्का मारला आणि विचारलं, "तुम्ही कोण?" तीस वर्षं मी त्याच रस्त्यावर दुकान चालवतोय! त्याच्या नाकावरचा चष्मा माझ्याकडचा!

थोरल्या बहिणीकडे मी मन मोकळं करायला गेलो. ताई म्हणाली, "चांगल्या जित्याजागत्या माणसांचा कधी हेवा केला नाहीस, आणि आता गेलेल्या माणसावर जळतोस? लाज वाटते का काही?" वाटत होती. पण जळफळाट काही लाजेला विचारून थांबत नाही.

सगळे कागद झाले, दोन उरले. एक वीज मंडळाचा आणि एक तिच्या लॅबच्या नोंदणीचा. लॅबच्या फॉर्मवर नव्या नावाने तीन सह्या करून द्यायच्या होत्या. एकदा त्या मान्य झाल्या की रिपोर्टवर तीच सही. मला बाकी सगळ्यापेक्षा ही हवी होती. ती जेवणाच्या टेबलाशी बसली, पहिली सही नीट केली, दुसरी करता करता हात आपोआप जुन्या वळणावर गेला आणि खाली रेघ मारून मोकळा झाला. "अगंबाई," ती म्हणाली. दुसरा फॉर्म आणला. त्यावर तिसऱ्या सहीला तसंच झालं. वीस वर्षांची सवय, तिचा काही दोष नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी फॉर्म उचलून चुरगाळला आणि दोन दिवस तिच्याशी तुटक बोललो. तीही मला मनवायला आली नाही.

तिसऱ्या दिवशी विजेच्या बिलावरचं नाव बदलायचे कागद काढायला मी त्यांची फाइल उघडली. ते गेल्यावर ऑफिसने घरी पाठवलेली नोकरीची सगळी कागदपत्रं त्यात होती. हजेरी, बढती, रजा. आणि तळाशी एक गुलाबी कागद. मेमो! मी खुर्ची ओढून खिडकीच्या उजेडात बसलो. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. एका घराचं रीडिंग चुकीचं घेतल्याबद्दल ताकीद. तिनाच्या जागी आठ वाचला होता, घरमालकाला भलंमोठं बिल गेलं आणि तो थेट वरच्या साहेबांकडे गेला होता.

मला इतका आनंद झाला की मी स्वतःसाठी चहा केला, आणि त्यात साखर घातली.

ही लॅबमधून आली, चप्पल काढली, तोवर मी मेमो तिच्या हातात दिला. "एवढे चोख होते ना? मग हे काय?"

तिने कागद नुसता बघितला, वाचलासुद्धा नाही. "हां, ते होय. तो चष्म्याचा घोळ होता."

"कुठल्या चष्म्याचा?"

"तुमच्या दुकानातल्या."

ती आत गेली, कपाटाच्या खणातून एक चष्म्याची पेटी घेऊन आली आणि टेबलावर ठेवली. पेटीवर माझ्या दुकानाचं नाव. "नवा केला होता. त्यातून धड दिसत नव्हतं. परत आले होते तुमच्याकडे, पण तुम्ही सांगितलंत, आठ दिवस लावा, सवय होईल."

हे वाक्य माझंच होतं. मी ते अजूनही आठवड्यातून तीनदा म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर तो चष्मा ठेवला. मग जुनी रजिस्टरं काढली. माझ्या हस्ताक्षरात नोंद होती: उजवा दीड, डावा अडीच. यंत्र सांगत होतं, उजव्या बाजूला अडीच आणि डाव्या बाजूला दीड. काचा बसवताना मी अदलाबदल केली होती. नवशिक्याने करावी अशी चूक, आणि ती मी केली होती. शेऱ्याच्या रकान्यात पुन्हा माझंच अक्षर: 'तक्रार, धूसर दिसते. सवय होईल असे सांगितले.' त्यांनी चष्मा काढून माझ्यापुढे धरला असणार आणि मी तो हातातसुद्धा घेतला नसणार.

नोंदीवर त्यांचं नाव होतं, आडनाव होतं. तेच आडनाव, जे मी सात महिने खरवडून काढत होतो. हा माणूस दर महिन्याला माझ्या दुकानात यायचा, दारामागचं मीटर बघायचा, भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहायचा आणि जायचा. मेमोनंतरही तीन वर्षं आला. एकदाही बोलला नाही. मी उठून दारामागे पाहिलं. भिंतीला मधे रंग दिला होता, पण मीटरच्या पेटीच्या आडोशाला, रंगाच्या ब्रशला जागा नव्हती तिथे, आकडे अजून होते. नीटस, एकाखाली एक. मी कधी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. चष्मेवाले चष्मा बघतात.

मेमोच्या पाठीमागे त्यांनी दिलेल्या उत्तराची प्रत टाचलेली होती. आदल्या दिवशी आनंदाच्या भरात मी ती उलटलीच नव्हती. आता वाचली. दोन ओळी. 'चष्मा नवीन होता, परंतु आकडा पुन्हा पडताळणे माझे काम होते. चूक माझी आहे.' दुकानाचं नाव नाही, माझं नाव नाही.

खरं सांगतो, मला त्या क्षणी पश्चात्ताप झाला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाने किती चांगलं असावं याला काही मर्यादा? येऊन चार शिव्या घातल्या असत्या, गिऱ्हाइकांसमोर चष्मा आपटला असता, तर मला आता त्यांच्या तोंडाला तोंड देता आलं असतं. चूक माझी, आणि कबूलही तेच करून गेले. मला काही शिल्लकच ठेवलं नाही.

संध्याकाळी मी हिला विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"तरी माझ्याशी लग्न केलंस?"

"चष्म्याशी नव्हतं केलं." मग म्हणाली, "ते गेल्यावर एकदा मी आले होते दुकानात, भांडायला. तुम्ही एका म्हातारबाबांच्या कानामागची काडी वाकवत होतात. पाच वेळा काढली, पाच वेळा बसवली, कुठे टोचतंय का विचारलंत. मी तशीच परत गेले. म्हटलं, माणूस कामात वाईट नाही. फक्त चुकलं म्हणायला याला जमत नाही." आणि आवाज न उतरवता पुढे म्हणाली, "अजूनही जमत नाही."

शनिवारी तिला सुट्टी होती. वीज मंडळात तिची सही समोर लागणार होती म्हणून ती बरोबर आली. नावबदलाच्या टेबलावर पिकल्या केसांच्या हेडक्लार्क बाई होत्या. फॉर्म बघून त्या हिचा हात धरून कितीतरी वेळ बोलत राहिल्या. मी बाजूच्या बाकावर बसलो. भिंतीवर लाकडी पाटी होती: 'निष्कलंक सेवा'. खाली वीस वर्षांच्या वर नोकरी करून एकही ताकीद न मिळालेल्यांची नावं, सोनेरी रंगात. मी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालपासून वर.

"नाही त्यांचं," बाई माझ्या नजरेकडे बघून म्हणाल्या. "यायला हवं होतं सगळ्यांत आधी. पण एक मेमो लागला. कसा लागला देव जाणे, असा आकडा चुकणारा माणूस नव्हता तो. निघताना रोज त्या पाटीखाली हजेरीची सही करायचे. कधी बोलले नाहीत, पण आम्हाला दिसायचं ना."

हिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पर्समधलं पेन शोधत राहिली.

मी जे बोललो ते ठरवून बोललो नाही. ठरवलं असतं तर गप्प बसलो असतो.

"तो मेमो माझ्यामुळे लागला," मी म्हटलं. "मी त्यांचा चष्मा चुकीचा बसवला. उजवी काच डावीकडे, डावी उजवीकडे. ते परत आले होते, मी ऐकून घेतलं नाही. चूक माझी आहे."

शेवटचे तीन शब्द. एकावन्न वर्षांत पहिल्यांदा म्हणत होतो, आणि तेही त्यांचेच शब्द.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सरकारी माणूस कुठल्याही प्रसंगी सरकारीच असतो. "असं नुसतं तोंडी सांगून काय होणार?" त्या म्हणाल्या. "लिहून द्या. मेमो काढता येत नाही, पण त्याच्या खाली खुलासा लावता येतो. रजिस्टरच्या पानाची प्रत जोडा. पाटीचं मग समितीला विचारते, आत्ता शब्द देत नाही."

रजिस्टर माझ्या पिशवीत होतं. का घेऊन आलो होतो, विचारू नका. समोरच्या दुकानातून पानाची प्रत काढून आणली आणि बाकावर बसून बाईंनी दिलेला छापील अर्ज भरला. सगळं लिहिलं. तारीख, काचांचे नंबर, शेऱ्यातली ओळसुद्धा लिहिली. खाली घरच्या व्यक्तीची सही हवी होती.

"कुठल्या नावाने?" हिने विचारलं.

"आता गॅझेटमधलं जे आहे त्याच नावाने," बाई म्हणाल्या. "जुनी सही आता चालणार नाही."

तिने पेन घेतलं. अर्ज पूर्ण वाचला, अगदी सावकाश. मग सही केली. हात कुठे अडकला नाही, जुन्या वळणावर गेला नाही. तिचं नाव, माझं आडनाव, शेवटच्या अक्षराखाली तीच छोटी रेघ. सात महिने मी ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला होता ती सही माझ्यासमोर होती, आणि ती त्यांच्या कागदावर होती. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पण त्यात थोडं जळणंही होतंच. एवढी सुंदर सही तिने त्यांच्यासाठी केली होती.

बाईंनी अर्ज वरून खाली तपासला आणि बोट ठेवलं. "हा रकाना रिकामा राहिला."

'अर्जदाराचे मृताशी नाते.'

मी ओळखलं, की आता रेघ मारून सुटका नाही. ही माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच असं वाटलं, की काय लिहितो याची तिला खरोखर काळजी आहे. मी पेन उचललं आणि लिहिलं: 'त्यांचा चष्मेवाला'.

बाईंनी वाचलं. "हे असलं नातं आमच्या यादीत नाही हो."

"घालून घ्या," मी म्हटलं.

त्यांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा त्या पाटीकडे, आणि शिक्का मारला.